गाडीचं कण्हणं आणि वॉल्थमचा डेव्हिस

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन मित्रांनी मेल पाठवून विचारलं, कराडहून आतेबहिणीने फोनवर खडसावलं, तेव्हा आता कारण सांगणं भाग आहे. कारण आहे आमची गाडी. म्हणजे गाडीही नाही, तिच्या स्टिअरिंगचं तेल. या तेलाच्या नादाने मी कुठून कुठे जाऊन पोचलो ते सांगतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. २०२३ च्या ऑक्टोबरात अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे बोस्टनजवळ आले. नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्यांना हिंडवून आणावं म्हणून गाडी काढली. थंडी चांगलीच होती. ड्राइव्हवेमधून मागे घेताना स्टिअरिंग वळवलं आणि बॉनेटखालून लांबलचक "ऊंऽऽऽ" असा आवाज आला. गाडी २००७ सालची. हा आवाज मला नवा नव्हता. गेल्या हिवाळ्यातही यायचा, गाडी तापली की जायचा, म्हणून मी कानाआड केला होता. अण्णांनी मात्र सीटबेल्ट काढला.

"कण्हतंय बघ म्हाताऱ्यावानी. बंद कर."

अण्णांनी तीस वर्षं कराडला गॅरेज चालवलं. हायवेवरचे ट्रक, जीपा, ट्रॅक्टर, मिळेल ते. गॅरेज बंद करून दहा वर्षं झाली तरी कान अजून तिथेच आहे. मी त्यांना सांगितलं की इथल्या एका गॅरेजवाल्याला मी मागेच दाखवलं होतं. पंप आणि रॅक दोन्ही बदलावं लागेल, अठराशे डॉलर होतील, असं तो म्हणाला होता. अण्णांनी विचारलं, "त्यानं डबीचं झाकण उघडून बघितलं का?" नव्हतं बघितलं. मीही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आमचे शनिवार-रविवार ड्राइव्हवेमध्ये गेले.

आधी आवाज कुणाचा ते ठरवायचं. स्टिअरिंगचा पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झाला की तो किंचाळतो, आणि पंप उपाशी असला की तो कण्हतो. या दोन आवाजांत फरक आहे. अण्णांनी इंजिन चालू ठेवून बेल्टवर बाटलीने थोडं पाणी शिंपडलं (हात लांब ठेवून, हे मुद्दाम सांगतो). बेल्टचा दोष असता तर आवाज क्षणभर तरी बदलला असता. तो जराही बदलला नाही. मग डबी उघडली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, रंग काळपट तपकिरी, आणि वर ताकावर येतो तसा फेस. तेल कमी आहे ही एक गोष्ट, आणि फेस आहे ही अगदी दुसरी गोष्ट. पण हे मला नंतर कळलं.

मी उत्साहाने गॅरेजच्या फळीवरून बाटली काढली आणि ओतायला वाकलो. अण्णांनी मनगटच धरलं. बाटली ब्रेक ऑइलची होती.

"तेल म्हंजी तेल न्हवं बाबा."

हे वाक्य मी पुढे बरेच दिवस चघळत होतो. ब्रेकचं तेल खरं तर तेल नाहीच, ते ग्लायकॉल जातीचं द्रव्य. स्टिअरिंगचं तेल बहुधा खनिज तेल किंवा त्याचं कृत्रिम भावंड. ब्रेकमधली रबरी सीलं एका जातीच्या रबराची, स्टिअरिंगमधली दुसऱ्या. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग सगळीकडून गळती. अण्णांच्या गॅरेजात असा एक ट्रॅक्टर आला होता, मालकाने काटकसर म्हणून ओतलेलं. "दोनशे रुपयं वाचवाय गेला," एवढंच ते म्हणाले. डबीच्या झाकणावर कुठलं तेल ते लिहिलेलं असतं आणि तेच घालायचं. काही गाड्यांना गिअरबॉक्सचं लाल तेल चालतं, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं असतं, युरोपातल्या कित्येक गाड्यांना हिरवं लागतं.

आता हे लाल तेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी जनरल मोटर्सने १९४९ मध्ये त्याचं 'टाइप ए' हे प्रमाण ठरवलं, आणि थोड्याच वर्षांत पॉवर स्टिअरिंग आलं तेव्हा तिथेही तेच ओतायला लागले. लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे जमिनीवर डाग पडला तर तो इंजिनचा नाही हे कळावं. इथवर ठीक. पण त्या जुन्या तेलात घर्षण सांभाळायला काय मिसळत होते ठाऊक आहे? स्पर्म व्हेलच्या डोक्यातून काढलेलं तेल! आमच्या घरापासून तासाभरावर न्यू बेडफर्ड आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीची ती राजधानी होती. अमेरिकेतली घरं उजळायची ती त्या तेलाने. रॉकेल आलं, वीज आली, शिकारी जहाजं गेली, आणि आपण समजतो की तो धंदा इतिहासजमा झाला. तर तो गिअरबॉक्समध्ये येऊन बसला होता. १९७० साली अमेरिकेने स्पर्म व्हेलला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं, तेलाची आयात थांबली आणि रसायनवाल्यांना घाईघाईने पर्याय शोधावे लागले. मी हे अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ डबीत बघत राहिले. "ह्याच्यात न्हाई ना?" मी म्हटलं, नाही, गाडी २००७ ची आहे. माळकरी माणूस, त्यांचं जरा हायसं झालं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. हा उपाय फुकटचा आणि सगळ्यांत उत्तम. सकाळी पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला ते बघायचं, आणि कुठल्या रंगाचा ते. इंजिनचं तेल काळं, रेडिएटरचं पाणी हिरवं किंवा नारिंगी, आणि स्टिअरिंगचं लालसर-तपकिरी. दोन डाग मिळाले, तेल परतीला येतं त्या पाइपच्या बरोबर खाली. तिथली स्प्रिंगची क्लिप वर्षांनुवर्षं तापून ढिली पडली होती. ती काढून स्क्रूची क्लिप आवळली, तेल खुणेपर्यंत भरलं. दुसऱ्या रात्रीचा पुठ्ठा कोरा करकरीत. मी जिंकलो म्हणून आत जाऊन पोहे मागितले. दुसऱ्या सकाळी गाडी काढली. "ऊंऽऽऽ".

इथे अण्णाही गप्प झाले आणि मी वाचायला बसलो. आणि वाचता वाचता, मंडळी, मला वॉल्थम सापडलं.

वॉल्थम म्हणजे मी गेली अकरा वर्षं जिथे नोकरीला जातो ते गाव. चार्ल्स नदीकाठी आहे, एकेकाळी घड्याळांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. मी रोज ज्या रस्त्यांवरून एका बोटाने गाडी वळवत ऑफिसात जातो, त्याच गावात ते 'एका बोटाने' शक्य करणारं यंत्र जन्मलं, आणि मला पत्ताच नव्हता.

फ्रान्सिस डेव्हिस नावाचा हार्वर्डमध्ये शिकलेला इंजिनिअर. बफेलोच्या पिअर्स-ॲरो कंपनीत तो ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर होता. ट्रक विभागाचा, हे लक्षात ठेवा. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात ते तो रोज बघत होता. तेव्हाचा एकमेव तोडगा म्हणजे स्टिअरिंगचे दाते असे ठेवायचे की जोर कमी लागेल पण चाक चार-पाच वेळा गरागरा फिरवावं लागेल. त्यात दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग हातातून हिसका मारून निसटायचं, अंगठा गेलाच. पुढे कमी हवेचे रुंद टायर आले आणि साध्या मोटारीही जड झाल्या. १९२२ मध्ये डेव्हिसने भरभक्कम नोकरी सोडली, वॉल्थमला एक छोटं वर्कशॉप भाड्याने घेतलं आणि जॉर्ज जेसप नावाच्या एका कसबी कारागिराला घेऊन कामाला लागला.

तेलाच्या दाबाने चाकं वळवायची, ही कल्पना सोपी. अडचण होती ती गळतीची. दाबाखाली तेल साठवून ठेवायचं आणि ड्रायव्हरने चाक फिरवलं की झडप उघडून सोडायचं, ही सरळ वाट. पण मग ते तेल अष्टौप्रहर दाबाखाली. गाडी सरळ जात असली तरी प्रत्येक सांधा, प्रत्येक सील ताणलेलं. गळणारच.

डेव्हिसने झडपच उलटी केली. झडप नेहमी उघडी! पंप तेल ढकलतो, ते झडपेतून बिनअडथळा परत डबीत येतं, फिरत राहतं, दाब जवळजवळ नाही. ड्रायव्हरने चाक फिरवलं की झडप एका बाजूने थोडी मिटते, तेलाची वाट अडते, आणि तेवढ्यापुरता दाब तयार होऊन तो चाकांना ढकलतो. चाक सोडलं की पुन्हा वाट मोकळी.

मी हे अण्णांना कागदावर चित्र काढून समजावत होतो. त्यांनी कागद बाजूला सारला. "म्हंजी दारं धरायचं." अगदी तेच! पाटाचं पाणी वाहतंच आहे. एका सरीला पाणी हवं तर मातीचा बांध घालून वाट अडवायची, पाणी चढतं आणि तिकडे वळतं. काम झालं की दारं मोडायचं. हार्वर्डच्या इंजिनिअरचं पेटंट माझ्या बापाने दोन शब्दांत सांगितलं. आजही तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते, ती जोर लावला की किंचित पिळवटते, आणि त्या पिळाएवढी झडप मिटते. पूर्ण कट मारला की दाब टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पटींपर्यंत चढतो. म्हणून तर फुल कटवर पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नये म्हणतात, तेल उकळायला लागतं.

डेव्हिसने हे यंत्र १९२१ सालच्या एका पिअर्स-ॲरो गाडीला बसवलं आणि डेट्रॉइटला जाऊन बड्या लोकांना त्यात फिरवलं. लोक चकित झाले. १९२६ मध्ये जनरल मोटर्सने करार केला. आता पुढच्या वर्षी गाड्यांत येणार असं कुणालाही वाटेल. आलं नाही. मंदी आली. प्रत्येक गाडीमागे खर्च वाढतो आणि गाड्या तर विकल्याच जात नाहीत, असा हिशोब होऊन १९३४ मध्ये करार संपला. १९३६ मध्ये त्याने बेंडिक्स कंपनीशी संधान बांधलं, तिथेही थोड्याच गाड्यांना बसलं. मग महायुद्ध सुरू झालं आणि चिलखती गाड्या वळवायला सैनिकांचे हात अपुरे पडायला लागले, तेव्हा कुठे हजारोंनी मागणी आली. युद्ध संपल्यावर पुन्हा शांतता. अखेर १९५१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इंपीरियल या आलिशान मोटारीत 'हायड्रागाइड' म्हणून पॉवर स्टिअरिंग आणलं, आणि तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारावर. पेटंट तेव्हा १७ वर्षं चाले. त्याची कमाई होण्याच्या बेतात आली तेव्हा सुरुवातीची पेटंटं सगळ्यांची झाली होती! क्रायस्लरने आणलं म्हटल्यावर जनरल मोटर्स धावत डेव्हिसकडे आली, आणि १९५२ मध्ये कॅडिलॅकला ते बसलं. नंतर त्याला पैसाही मिळाला आणि मानही. १९७८ पर्यंत जगला. त्यामुळे त्याच्याबद्दल हळहळावं असं काही नाही.

मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच कुणाची तरी.

त्या संध्याकाळी ही सगळी हकीकत मी अण्णांना सांगितली. ते म्हणाले, "छब्बीस साली तयार हुतं?" मी म्हटलं, हो. "टरकासाठीच काढलेलं?" हो. मग ते काही बोलले नाहीत.

आमचे थोरले काका ट्रक चालवायचे. कोल्हापूर-मुंबई गूळ, येताना पडेल तो माल. १९७० ते १९९२. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक ट्रकना पॉवर स्टिअरिंग नव्हतंच. खंबाटकी घाटात भरलेला ट्रक वळवायचा तर काका सीटवरून अर्धे उठून, दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून चाक ओढायचे. त्यांच्या मांडीवर बसून मी लहानपणी ते चाक धरलेलं आहे. माझ्या जोराने ते सुताएवढंही हललं नव्हतं, आणि काका हसले होते. पन्नाशीच्या आत त्यांचे दोन्ही खांदे गेले. सदरा घालताना काकू बाही धरायची. जेवताना मान ताटाकडे न्यायचे, हात वर यायचा नाही. आम्ही पोरं त्याला संधिवात म्हणायचो. डॉक्टर काय म्हणाले होते कुणास ठाऊक, पण ट्रकवाल्यांच्या वस्तीत असे खांदे घरोघर होते आणि त्याला कुणी आजार समजत नव्हतं, धंद्याचा भाग समजत होतं.

ट्रक ड्रायव्हरांकडे बघून डेव्हिसला सुचलेलं यंत्र आधी इंपीरियल आणि कॅडिलॅकमध्ये बसलेल्या साहेबांना मिळालं. पुढे आपल्याकडे आलं तेही आधी एअरकंडिशनवाल्या मोटारींतून. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. खर्चाचा हिशोब मलाही कळतो, मीही तेच करतो ऑफिसात. पण त्या हिशोबात खांद्याचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्याआधी उठून बाहेर गेले होते. गाडी बंद होती आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून चाक वळवत होते. इंजिन बंद असलं की चाक जड लागतं, साध्या स्टिअरिंगसारखं. मग मला म्हणाले, चालू कर. चालू केली. त्यांनी एका बोटाने चाक फिरवलं. ते कण्हलं, पण फिरलं. "दादाला हे..." एवढं म्हणून उतरले आणि पाना मागितला.

रात्रीतून त्यांना उत्तर सापडलं होतं. पुठ्ठा कोरा आहे म्हणजे तेल बाहेर येत नाही. फेस आहे म्हणजे हवा आत जाते आहे. पंपातून बाहेर पडणाऱ्या बाजूला दाब, तिथे भोक असेल तर तेल उडेल. पण डबीतून पंपात तेल येतं ती ओढीची बाजू. तिथे फट असेल तर तेल गळणार नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाईल. म्हणजे डाग एक नाही, आवाज मात्र भरपूर. पंपाच्या तोंडाशी तो पाइप दोन बोल्टांनी बसलेला असतो आणि मध्ये एक ओ-रिंग. बोल्ट काढले. रिंग बाहेर आली ती चपटी आणि नखाला टणक, सोळा वर्षं तापलेली. दुकानात नवी मिळाली, दोन डॉलरच्या आत. अठराशेच्या जागी. :)

आता जुनं तेल काढायचं होतं. त्यासाठी मी स्वयंपाकघरातून टर्की बास्टर पळवला. थँक्सगिव्हिंगला टर्कीवर रस शिंपडायला वापरतात तो पिचकारीसारखा मोठा ड्रॉपर. आमच्या शाकाहारी घरात तो कुणीतरी भेट दिलेला पडून होता, पण बायकोने त्याचा उपयोग ढोकळ्यावर फोडणीचं पाणी घालायला शोधला होता हे मला ठाऊक नव्हतं. असो. डबीतलं तेल ओढून काढायचं, ताजं भरायचं, गाडी थोडी चालवायची, पुन्हा काढायचं. चार-पाच वेळा केलं की रंग उजळतो. पुढची चाकं जॅकने उचलून खाली पक्के स्टँड लावले (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, अण्णांनी त्यात एक माणूस गमावलेला आहे). इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू वीस वेळा फिरवलं. डबीत बुडबुडे येत राहिले, तेल खाली गेलं की मी भरत राहिलो. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. जुनं तेल बाटल्यांत भरून गावच्या रिसायकलिंग केंद्रावर नेऊन दिलं.

चाक फिरवायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, टोपी-मफलर घालून, वीस वेळा. मी दोनदा म्हटलं, तुम्ही बसा, मी करतो. त्यांनी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी आवाज गेला. मी त्यांना वॉल्थमला घेऊन गेलो. डेव्हिसचं वर्कशॉप नेमकं कुठे होतं ते काही मला सापडलं नाही, नदीकाठच्या रस्त्याने नुसते दोन फेरे मारले. एका मोकळ्या पार्किंगमध्ये अण्णा म्हणाले, फुल कट मार. मारला. मग दुसऱ्या बाजूला. त्यांनी काच खाली करून ऐकलं, काच वर केली आणि म्हणाले, भूक लागलीय.

आता नव्या गाड्यांत हे तेल जवळजवळ उरलेलंच नाही. १९८८ मध्ये जपानात सुझुकीने छोट्या सर्व्हो गाडीला विजेच्या मोटरचं स्टिअरिंग बसवलं, आणि आज बहुतेक नव्या मोटारींत तेच असतं. ना डबी, ना पंप, ना पुठ्ठा. आमची गाडी मात्र अजून तेलावर आहे आणि मी दर महिन्याला झाकण उघडून बघतो. अण्णा एप्रिलमध्ये परत गेले. ती चपटी ओ-रिंग त्यांनी रुमालात बांधून नेली, काकूला दाखवायला. काकूला त्यातलं काय कळलं माहीत नाही. फोनवर म्हणाली, एवढंसं वायसर?

बायकोला नवा बास्टर आणून दिला आहे.